अंधारात बोलण्याची नोकरी

हल्ली त्या काळ्या पिक्चरांचं फार कौतुक ऐकू येतं. टोपीवाले पुरुष, सिगारेटचा धूर, ओले रस्ते, जिन्यावर पडलेली लांब सावली, खांद्यावरून मागे बघणारी बाई. शिकलेली मंडळी त्यावर बोलतात, शैली म्हणतात, आणि मी जवळ बसलेला असलो तर विचारतात, "तुम्ही पाहिली होती का हो तेव्हा?" पाहिली. एकेक पिक्चर गावोगाव फिरून रोज पाहिलं. इतकं पाहिलं की त्यातल्या एकाही माणसाबद्दल मनात आदर राहिला नाही.

मी फिरत्या टॉकीजमध्ये होतो. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मी कोकणातला, शाळा पाचवीत सुटलेली. गावच्या एका माणसाने खामगावला जिनिंगमध्ये काम देतो म्हणून आणलं. कापसाचा हंगाम संपला, जिनिंगला कुलूप लागलं आणि तो माणूस कुठे गेला ते आजतागायत कळलं नाही. मग मी मोटारीच्या अड्ड्यावर उतारू गोळा करायला ओरडू लागलो: मेहकर, सुलतानपूर, लोणार. तिथे टॉकीजच्या मालकांनी मला ऐकलं. जवळ येऊन म्हणाले, "गळा दमदार हाये बे तुह्या. जेवला का?" जेवलो नव्हतो. त्यांनी आधी जेवायला घातलं आणि मग काम सांगितलं. हा क्रम मी अजून विसरलेलो नाही. मालकांविषयी माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही. पिक्चरांविषयी निघेल.

काम असं. दिवसा बैलगाडीवर भोंगा बांधून बाजारातून फिरायचं आणि आजच्या खेळाची गोष्ट सांगायची. संध्याकाळी तंबूत माईक घेऊन बसायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते बोलायचं. तंबूच्या मधोमध कनात असे, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. माईकची वायर जिथवर पुरे तिथे, बायकांच्या बाजूला कनातीच्या खांबाशी, माझं स्टूल.

बोलणारा माणूस कशाला लागतो, असं कुणी विचारील. पौराणिक पिक्चरला लागत नसे. तिथे सगळं उजेडात असतं, देव तर अंगातूनच उजेड पाडतो. काळ्या पिक्चरला लागे, कारण आमच्या तंबूत ते दिसतच नसे. मशीनचा दिवा म्हातारा, इंजिन धापा टाकणारं, पडदा ठिगळांचा. मुंबईच्या थिएटरात ज्या अंधारात म्हणे माणसाचा अर्धा चेहरा दिसतो, त्या अंधारात आमच्याकडे काहीच दिसत नसे. रस्त्यावरचा दिवा तेवढा दिसे. दिव्याखाली कोण उभं आहे ते मी सांगायचं.

म्हणून माझ्या लेखी या पिक्चरांचा इतिहास म्हणजे मला किती बोलावं लागलं याचा इतिहास. तोच सांगतो, दुसरा मला येत नाही.

सगळ्यात जास्त बोलावं लागलं ते इंग्रजी पिक्चरांना. भुसावळच्या फिल्म डेपोतून मालकांना कधीमधी स्वस्तात मिळत, जुनी, झिजलेली, मधले तुकडे गेलेली. गाणं नाही, आई नाही, देऊळ नाही. एक माणूस टोपी घालून खोलीत बसलेला. खिडकीला पट्ट्यापट्ट्यांचा पडदा, त्याच्या सावल्या त्याच्या अंगावर. आमचे लोक म्हणायचे, जेलात हाये. मी म्हणे, नाही, ऑफिसात आहे. मग दार उघडून एक बाई येणार, तिच्या खांद्यांत विटा भरल्यासारखा कोट, आणि ती खोटं बोलणार. ती खोटं बोलते आहे हे तंबूतल्या शेंबड्या पोरालाही कळे. त्या टोपीवाल्याला शेवटच्या रिळात कळे, गोळी लागल्यावर. एवढी अक्कल असलेल्या माणसाला हे लोक गुप्तहेर म्हणत.

दुसरबीडला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खेळ संपल्यावर मला गाठलं. म्हणाला, "मले एक सांग. हे लोकं जेवत काऊन नाहीत?" मी विचार करून पाहिलं. खरंच, पूर्ण पिक्चरभर कुणी जेवलं नव्हतं. दारू प्याले, सिगारेटी ओढल्या, एकमेकांना गोळ्या घातल्या. भाकरीचा तुकडा नाही. "पोटात अन्न नसलं की मानूस असाच वागते," असं म्हणून तो गेला. त्या पिक्चरांवर याहून खरं मी काही ऐकलेलं नाही.

मग आमच्या मुंबईवाल्यांनी ती टोपी उचलली. कोटही उचलला. ज्या मुंबईत माणूस सदरा घालूनही भिजतो तिथे आमचा नायक गुडघ्यापर्यंतचा कोट घालून भिंतीला टेकून उभा. पण आपल्या लोकांना निव्वळ पाप पचत नाही, म्हणून यांनी त्यात सोय केली. नायक खिसेकापू, पण घरी आजारी आई. क्लबात नाचणारी बाई सिगारेट ओढते, पण मनाने गंगेसारखी, आणि नायकासाठी गोळी तिलाच लागणार. नायक शेवटी सुधारणार, इन्स्पेक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवणार. इंग्रजी पिक्चरमध्ये निदान टोपीवाला मरायचा तरी. इथे तो सुधारायचा, आणि सुधारल्यावर काय काम करणार हे कुणी विचारायचं नाही. मला मात्र दर आठवड्याला धास्ती, की मालकांना माझी गरज संपली तर मी काय काम करणार. माझ्या एकटेपणाला कुणी टेकायला दिव्याचा खांब दिला नाही.

यांत गाणी होती, म्हणून बोलणं निम्मं झालं. पुढे धुक्याची पिक्चरं निघाली. डोंगरावरचा बंगला, पांढऱ्या साडीतली बाई गात हिंडते, सगळे तिला भूत समजतात, आणि अखेर निघतो तो घरातला मॅनेजर. धुकं पांढरं, ते आमच्या पडद्यावर बरं दिसे, म्हणून बोलणं आणखी कमी. आणि मग रंग आले. खून थंड हवेच्या ठिकाणी होऊ लागले, लाल स्वेटर घालून, भर उन्हात. लोकांना सगळं दिसू लागलं. काळं पिक्चर तिथे मेलं. मी रडलो नाही.

हे नंतरचं. मी सांगतोय ते त्या मधल्या दिवसांतलं, काळी पिक्चरं जोरात होती तेव्हाचं.

आमच्याकडे एक पद्धत होती. खुनी कोण ते मी बाजारातच भोंग्यावरून सांगून टाकायचो. "आज संध्याकाळी या. खून करणार वकील, अडकणार बिचारा ड्रायव्हर, आणि शेवटी वकिलाला बेड्या." हे ऐकूनच लोक येत. कीर्तनाला बसलेल्या माणसाला राक्षस मरणार हे ठाऊक असतं, म्हणून काय तो उठून जातो? उलट ठाऊक नसेल तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. खुनी कोण ते लपवून ठेवणाऱ्या पिक्चराला आमच्या भागात लबाड पिक्चर म्हणत. मलाही ते पटे. जो माणूस मला तिकीट विकतो आणि माहिती असून सांगत नाही, त्याच्यावर मी काय म्हणून भरवसा ठेवू?

त्या वर्षी मालकांचा भाचा सुटीला आला. नागपूरला कॉलेजात शिकत होता. गोरा, पातळ, सतत केसांवरून हात फिरवणारा. त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की परदेशात या पिक्चरांना काळी पिक्चरंच म्हणतात आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहितात. तो तंबूत येऊन दोन खेळ बसला आणि मग मालकांना म्हणाला, "मामा, हा माणूस सगळ्याची माती करतो. अंधार हीच तर भाषा आहे. सावली बोलते. त्यावर हा बोलतो."

मालक म्हणाले, "दिसत नाही बाबू लोकायले."

"दिसत नाही तेच तर पाहायचं असतं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. दिसत नाही ते पाहायचं, हे वाक्य मी पुष्कळ दिवस चघळलं. अजून त्यातून काही रस निघालेला नाही. आंधळ्याच्या काठीला नावं ठेवणाऱ्या डोळसाची ती जात.

तेवढ्यात डेपोतून नवं पिक्चर आलं. त्यात क्लबातला एक म्हातारा मोठी पेटी वाजवतो, ती उभी असते टेबलासारखी, आणि सगळे खून त्यानेच केलेले असतात. आता हे मी सांगून टाकलं तर काय आभाळ कोसळलं? पण रिळांच्या डब्यांबरोबर डेपोवाल्यांची ताकीद आली: शेवट कुणालाही सांगायचा नाही. पडद्यावर तशी पाटीसुद्धा होती. भाच्याला जोरच आला. "पाहा मामा. कंपनीच सांगते आहे. याला गप्प बसवा, भोंग्यावरही आणि तंबूतही. आपला तंबू एकदम वरच्या दर्जाचा होईल."

मालकांनी दोन दिवस मागून घेतले; तोवर दुसरबीडला तेच पिक्चर लागलं आणि मी नेहमीसारखा बोललो. ते दोन दिवस मी आपली किंमत मोजत होतो. मला मशीन चालवता येत नव्हतं. दारावर मालकांचे भाऊ होते. तंबू ठोकायला गावातली माणसं मिळत. माझ्यापाशी होता फक्त गळा. तो नको झाला तर मी कोण? घरी आईने आख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं की मुलगा सिनेमात आहे. परत जाऊन काय सांगायचं, की सावली बोलायला लागली म्हणून मला काढलं?

मोताळ्याच्या बाजाराला तंबू लागला तेव्हा मालक माझ्याजवळ आले. खाली बसले, तंबाखू मळली. म्हणाले, "आज तू बोलू नको बे. पाहू काय होते ते."

"बरं मालक."

"राग नको मानू."

"राग कसला. तुमचं खाल्लंय."

"खाल्लंय म्हने," मालक म्हणाले, आणि मलाही चिमूट दिली. त्यांच्या मनात भाच्याच्या शिक्षणाचं कौतुक होतं आणि माझी कीवही होती. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हती. उद्यापासून मी कुठे असेन हे त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

बाजारात मी गाडीवरून फक्त ओरडलो, "नवं पिक्चर, या, पाहा." लोक थांबून ऐकायचे, पुढे काहीच येत नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघायचे. एक जण म्हणाला, "गळा बसला काय बे?" दुसरा म्हणाला, "नाही, याच्या मालकानं चावी काढली."

पण तंबू भरला. बाजाराच्या दिवशी तो भरायचाच. बायकांच्या बाजूला जागा नव्हती. माल विकून त्या थेट आल्या होत्या, टोपल्या, तागड्या, पोरं घेऊन. त्यांत वांगी-मिरची विकणारी एक बाई होती, स्वतःच्या मळ्यातला माल घेऊन बसणारी, बोलायला फटकळ. नेहमी माझ्या स्टुलाजवळच बसे. स्टूल रिकामं पाहून तिने त्यावर आपली टोपली ठेवली. मी मागे मशीनपाशी उभा होतो, हात नुसते लोंबत. शेजारी भाचा, मांडीवर मासिक.

पिक्चर सुरू झालं. क्लब आला तोवर ठीक. मग रस्ता आला. दिवा आला. दिव्याखाली कोणी तरी आलं. पुरुषांकडून आवाज, "कोन हाये थो?" दुसरा, "तुहा बाप." हशा. भाचा म्हणाला, "शांतता राखा." त्यावर आणखी हशा. मग पडदा पूर्ण काळा झाला आणि काळाच राहिला. बुटांचा आवाज येत होता, टक टक. भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, बघ आता, काय परिणाम आहे." मी बघत होतो. पण पडद्याकडे नाही, तंबूकडे. पडदाच काळा म्हटल्यावर तंबूत उजेड यायचा कुठून? माणसं दिसत नव्हती, कनात दिसत नव्हती. पुरुषांच्या बाजूला काड्या पेटत होत्या, उगाच, मस्ती म्हणून. कुणी शीळ घातली. कुणी खडा टाकला. आणि बायकांच्या बाजूने कुणी तरी ओरडलं. पिक्चरमधलं नाही. आपल्यातलं.

कनात खालून उचलून कुणी हात घातला होता.

नंतर कळलं ते असं. वांगीवालीच्या शेजारच्या पोरीला हात लागला. वांगीवालीने टोपलीत चाचपडलं, हाताला नवं किलोचं वजन लागलं, आणि तिने ते अंदाजाने त्या हातावर घातलं. पलीकडून जो आवाज आला तो मात्र सगळ्या तंबूने ऐकला. पेटीवाल्याने त्या पिक्चरात तीन माणसं मारली, एकही इतक्या खऱ्या आवाजात मेला नाही.

मग ती उठली. तिच्या मागे बायका उठल्या. पुरुषांतून वाट नको म्हणून त्या पडद्यासमोरून निघाल्या. एव्हाना पडद्यावर उजेड आला होता, इन्स्पेक्टर टोपी काढून काही तरी फार गंभीर बोलत होता, आणि त्याच्या तोंडावरून सावल्या चालल्या. डोक्यावर टोपल्या, काखेत पोरं, पदर घट्ट ओढलेले. इन्स्पेक्टरचं भाषण संपलं तेव्हा तंबूची एक बाजू रिकामी होती. पोरं गेली म्हणून बापही उठले. भाचा म्हणाला, "अभिरुची नाही." मालकांनी इंजिन बंद करायला सांगितलं.

सकाळी बाई स्वतः आली. बरोबर आणखी दोघी-तिघी. मालक खाटेवर, मी तंबूचे दोर आवळत होतो, भाचा चहा पीत होता. मालकांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, झालं ते वाईट झालं. थो कोन ते कळलं तर मी त्याले सोडत नाही."

"कळते. बोटं सुजलेला मानूस पाहा गावात," ती म्हणाली. "मी थ्यासाठी नाही आली. आज खेळ हाये ना?"

"हाये."

"मंग थो कोकन्या बोलन काय?"

माझे हात दोरावर थांबले. मला वाटलं, आता ही सांगेल, याच्याशिवाय पिक्चर कळत नाही. मनातल्या मनात मी भाच्याकडे बघूनसुद्धा घेतलं.

मालकांनी विचारलं, "याचं सांगनं पसंत हाये तुमाले?"

"सांगनं?" ती हसली. "थो काय सांगते ते कोन आयकते? खून पेटीवाल्यानं केला, हे तं मले दुसरबीडच्या बहिनीनं कवाच सांगितलं. लोकायले सांगू नका म्हन्ता, आन् तुमचा तंबू दुसरबीडहूनच आला ना?" बायका हसल्या. "थो बोलते तं समजते का इकडं मानूस बसला हाये. आवाज आमच्या बाजूनं येते. मंग तिकडचे हात तिकडंच राह्यतात. थो बोलत असन तं आमी येतो. नाही तं तुमी आन् तुमचा अंधार."

भाचा म्हणाला, "बाई, पण पिक्चर—"

"तुमी शिकलेले हाये बाबू. तुमी बसा ना मंग कनातीजवळ," ती म्हणाली. "अंधारात."

भाच्याने चहा संपवला.

बायका गेल्यावर मालक खूप वेळ हसत होते. मग म्हणाले, "घे बे. बोल आजपासून. काय बोलायचं ते बोल."

मी बरं म्हटलं. नोकरी राहिली, आईच्या तोंडचं वाक्य राहिलं, मालकांचं मीठ राहिलं. पण खरं सांगायचं तर मला खट्टूही वाटलं. इतके दिवस मी त्या टोपीवाल्यांची उस्तवार केली, जिना कुठे, सुरी कुठे, बाई का रडते, आवाज चढवून, उतरवून; आणि ऐकत कुणी नव्हतं. मी बुजगावणं होतो. शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्याला पाखरं विचारत नाहीत, तू काय म्हणतोस म्हणून.

त्या संध्याकाळी बायकांची बाजू पुन्हा भरली. बाईने स्टुलावरची टोपली उचलून मांडीवर घेतली. मी बसलो. क्लब आला, रस्ता आला, दिवा आला. मी नेहमीसारखं सुरू करणार होतो, की दिव्याखाली पेटीवाला आहे, कोटाच्या खिशात सुरी आहे. पण ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या पेटीवाल्याविषयी, त्याच्या सावलीविषयी, त्याच्या बुटांविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. पडदा काळा झाला. पलीकडे काडी पेटली.

मी माईक तोंडाशी धरला. म्हणालो, "आता अंधार आहे. थोडा वेळ राहील. मी इथे बसलोय."

कनातीच्या अलीकडून बाईचा आवाज आला, "हाव भाऊ. बसा."

पलीकडची काडी विझली. बूट वाजत राहिले, आणि मी बोलत राहिलो.